आयवालिकच्या पायवाटा : एक परामर्श

प्रवासवर्णनाची समीक्षा होते, स्थलवर्णनपर ग्रंथांचीही होते. परंतु वाटाड्यावाचून, हाती नकाशा घेऊन, पाहुण्याने आपणच चालून पाहावयाचा नगरमार्ग हीदेखील एक रचना आहे, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. कोणत्या गल्लीत शिरावे, कोठे थांबावे, काय वगळावे हे ठरविणारा त्या नगराची कथाच सांगत असतो. त्या कथेस गुणदोषांची कसोटी लावणे म्हणूनच आम्हांस अप्रस्तुत वाटत नाही.

तुर्कस्तानच्या एजियन किनाऱ्यावरील आयवालिक हे बंदर यासाठी उत्तम उदाहरण आहे. 'आयवा' म्हणजे बिहीचे फळ; आपल्याकडे औषधास वापरतात तो बिहीदाणा याचेच बी. ग्रीक लोक या गावास त्याच अर्थाने किदोनिएस म्हणत. शतकापूर्वीपर्यंत येथील वस्ती बहुतांशी ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीकांची होती. ऑलिव्हचे तेल आणि साबण यांवर गाव संपन्न झाले. गुलाबी छटेच्या सारिमसाक दगडाची घरे, कारखान्यांची उंच धुराडी आणि अरुंद फरसबंद गल्ल्या आजही उभ्या आहेत. असे गाव पायीच पाहावे, यात दुमत नाही. मोटारीतून दिसते ती केवळ इमारतींची रांग. पावलाच्या गतीने पाहिले म्हणजे दाराची चौकट, उंबरठा आणि झिजलेली पायरी दिसू लागते. पाहणाऱ्यास आपल्या मर्जीने थांबता येते, हा या प्रकाराचा निःसंशय गुण होय.

दोष आहे तो निराळाच. अशा भ्रमंतीत सामान्यतः प्रार्थनास्थळांना मानाचे स्थान असते. घड्याळावरून नाव पडलेली साअतली मशीद पूर्वी सेंट जॉनचे चर्च होती. चिनारली मशीद सेंट जॉर्जचे. जवळच्या जुंदा बेटावरील १८७३ सालचे ताक्सियार्हिस चर्च १९४४ च्या भूकंपात भंगले, आणि जीर्णोद्धारानंतर २०१४ पासून ते वस्तुसंग्रहालय आहे. 'पूर्वी चर्च, आता मशीद' एवढ्या चार शब्दांवर नकाशा पुढच्या क्रमांकाकडे वळला, तर आमच्या मते मुख्य गोष्ट सांगावयाचीच राहिली. देवालय उभे आहे. भक्त कोठे गेले?

ग्रीक-तुर्की युद्धाच्या अखेरीस, १९२२ साली, येथील ग्रीक पुरुषांना श्रमपथकांत नेण्यात आले. त्यांतून जिवंत परतलेल्या, आयवालिकमध्येच जन्मलेल्या इलियास वेनेझिसने ती हकीकत पुढे ग्रंथरूपाने लिहिली. ३० जानेवारी १९२३ रोजी लोझान येथे झालेल्या कराराने उभय राष्ट्रांनी लोकसंख्येची सक्तीची अदलाबदल ठरविली. तिचा निकष भाषा नव्हता, धर्म होता. सुमारे बारा लाख ख्रिस्ती आणि साडेतीन ते चार लाख मुसलमान यांत उखडले गेले. आयवालिकच्या रिकाम्या घरांत लेस्बॉस, क्रीट आणि मॅसिडोनिया येथील मुसलमान आले. क्रीटहून आलेल्या कित्येकांची मातृभाषा ग्रीकच होती.

येथे आमच्या वाचकांनी एक सावधगिरी बाळगावी. देवळाच्या जागी परधर्मीयांचे प्रार्थनास्थळ म्हटले की आपल्या मनात एकच इतिहास जागा होतो. १५६० साली श्रीमंगेश कुशस्थळीहून अघनाशिनी ओलांडून प्रियोळास आले. केळशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास आली. मूळ देवालये उद्ध्वस्त झाली, पण देव आणि भक्त एकत्र निघाले. आयवालिकमध्ये नेमके उलट घडले : वास्तू राहिली, समाज गेला. शिवाय आत आलेला नवा समाजही विजेता नव्हता. तोही आपली मशीद मागे टाकून आला होता. क्रीटमधील रेथिम्नो येथील नेरांझे मशिदीत आज संगीताचे शिक्षण दिले जाते. आणि तीही मुळात व्हेनिसवाल्यांचे चर्च होती! हानीची ही वही दुहेरी आहे. तिचे एकच पान वाचणारा मार्ग अपुरा, मग ते पान कोणतेही असो.

मग चांगला मार्ग कसा असावा? त्याने पाहुण्यास साबणाच्या कारखान्यापासून चालवावे, कारण या दगडी घरांचा पैसा तेथून आला. मशिदीपाशी १९२३ हे साल स्पष्ट सांगावे. आणि तेथे आज नित्य प्रार्थना होते याचे भान देऊन पादत्राणे काढून शांतपणे आत जाण्यास शिकवावे. क्रीटकरांची स्मृतीही त्याने तितक्याच आदराने नोंदवावी. शेवट मात्र दुकानांच्या रांगेत न करता धक्क्यावर करावा. लेस्बॉस बेटावरील मितिलिनीस जाणारी बोट तेथूनच सुटते.

देव पालखीत बसवून एका रात्रीत नदी ओलांडणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकले आहे, त्यांना त्या धक्क्यावर भाषांतराची गरज पडणार नाही. नकाशाने त्यांना तेथवर पोहोचविले पाहिजे, एवढीच आमची अपेक्षा आहे.