कॉन्व्हेंट : पाटीवरचा शब्द आणि मागची वास्तू

नंदुरबारसारख्या जिल्ह्याच्या गावी शाळेच्या पाटीवर ‘कॉन्व्हेंट’ असे वाचले, तर आत नन असतील असे कोणी धरून चालत नाही. इंग्रजी माध्यम, टाय, बूट आणि फी, एवढाच त्या शब्दाचा अर्थ आपल्याकडे उरला आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘एकत्र येणे’. पुढे तो एकत्र राहणाऱ्या धर्मभगिनींच्या मठाला लागला आणि मठाने चालवलेल्या शाळेला चिकटला. आधी माणसे, मग वास्तू, शेवटी पाटी.

मुलींच्या जुन्या कॅथलिक शाळांविषयीचे आपल्याकडचे लेखन बहुधा स्मरणिकांत सापडते. त्यांत कोनशिला असते, मुख्याध्यापिकांची यादी असते, निकाल असतात. इमारत मुखपृष्ठावर असते. तिचा आराखडा मात्र कोणी वाचत नाही. तो वाचल्याशिवाय ही शाळा कोणासाठी होती, हे कळत नाही, असे माझे म्हणणे आहे.

सुरुवात जुन्या गोव्यातील सांता मोनिकापासून करावी लागते. आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांनी 1606 मध्ये हा मठ स्थापन केला. इमारत 1627 मध्ये पुरी झाली, 1636 मध्ये आगीत सापडली आणि पुन्हा उभारली गेली. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, तीन मजले, मधोमध चौक, बाहेरून भिंतींना रेटून धरणाऱ्या आधारकमानी. आपल्या वाड्यासारखाच हा आराखडा आत तोंड करून बसलेला आहे. व्रत घेतलेल्या स्त्रीने पुन्हा बाहेर येऊ नये, हा त्यामागचा नियम होता. 1834 मध्ये पोर्तुगालने धर्मसंघ बरखास्त केले; 1885 मध्ये इथली शेवटची नन वारली आणि मठ संपला. भिंती अजून उभ्या आहेत. आज तिथे ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे.

एकोणिसाव्या शतकातील शाळा चालवणाऱ्या नन वेगळ्या मुशीतल्या. लिआँच्या क्लोदीन थेव्हने यांचे दोन भाऊ 1794 मध्ये क्रांतीच्या धामधुमीत मारले गेले. 1818 मध्ये त्यांनी ‘जीझस अँड मेरी’ हा संघ काढला. अनाथ मुलींना आसरा द्यायचा आणि रेशीम विणायला शिकवायचे, हे त्यांचे पहिले काम. पुढे त्याच आवारात फी भरणाऱ्या मुलींचे वसतिगृहही आले. या संघाच्या भगिनी 1842 मध्ये आग्र्याला पोचल्या, तर पुण्याच्या छावणीत त्यांची शाळा 1860 मध्ये सुरू झाली. इथे भिंत ननला कोंडण्यासाठी नव्हती. मुलींना घरापासून दूर निर्धास्त राहता यावे म्हणून होती. तो मोठाच पालट होता. पण अनाथाश्रम आणि वसतिगृह ही दुफळी लिआँहूनच आली होती, आणि वसाहतीच्या समाजात तिला वर्णाची धार चढली.

याच पुण्यात 1848 मध्ये भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली होती. तिला ना चॅपल होते, ना स्वतःचे आवार. उसन्या वाड्यातली ती शाळा मराठीतून चालली. छावणीतल्या शाळेमागे संघ होता, जमीन होती, सातत्य होते. म्हणून एक संस्था टिकली. दुसरीचा वाडा जीर्ण होऊन 2023 मध्ये स्मारकासाठी पाडावा लागला. टिकून राहणे हे नेहमी विचारांच्या थोरवीचे प्रमाण नसते. बरेचदा ते मालकीहक्काचे असते.

आपल्या पाट्यांनी या इतिहासातून नेमके काय उचलले? नाव, गणवेश आणि फी. मुलीने मुक्काम करावा अशी सुरक्षित जागा, तिच्यासोबत राहणाऱ्या शिक्षिका, खेळायला चौक हे उचलले नाही. आमच्या आदिवासीबहुल जिल्ह्यात अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरातली मुलगी शिकते ती आश्रमशाळेत. निवासाच्या दृष्टीने पाहिले तर ‘कॉन्व्हेंट’ची खरी वारस ती आश्रमशाळा आहे, इंग्रजी पाटीवाली शाळा नव्हे. म्हणून शंभर वर्षांपूर्वीच्या कमानींचे कौतुक करताना आजच्या आश्रमशाळेचा आराखडाही शेजारी ठेवून पाहावा : मुलींच्या निजण्याच्या खोल्या कशा आहेत, न्हाणीघराला कडी आहे का, रात्री दिवा कुठवर पोचतो. वास्तुसमीक्षा तिथवर गेली नाही, तर तिचीही स्मरणिकाच होईल.