ईयोबाची फिर्याद

दुःखात सापडलेल्या माणसाने देवापुढे मान तुकवावी, की त्याला जाब विचारावा? बायबलच्या जुन्या करारातील ‘ईयोब’ या ४२ अध्यायांच्या ग्रंथात नववा अध्याय या दोन्ही गोष्टी एकाच तोंडून, एकाच दमात वदवतो. त्याचे सारे सामर्थ्य या ताणात आहे.

ऊस देशातल्या ईयोबाकडे ७,००० मेंढरे आणि ३,००० उंट होते, सात मुलगे आणि तीन मुली होत्या. एका दिवसात हे सगळे गेले. मग अंगभर गळवे उठली आणि हा सज्जन माणूस राखेत बसून खापरीने अंग खाजवू लागला. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र समाचाराला आले. सात दिवस ते त्याच्याजवळ मुकाट बसले. त्यानंतर मात्र बोलू लागले. देव अन्याय करत नाही, तेव्हा तुझ्या मुलांनीच पाप केले असणार, असे बिल्ददने सुचवले. नववा अध्याय हे त्याला दिलेले उत्तर आहे.

ईयोब आधी मित्राचे म्हणणे कबूल करतो आणि लगेच विचारतो, पण देवापुढे माणूस निर्दोष ठरणार कसा? बिल्ददसाठी हा सिद्धान्त होता, ईयोबासाठी तो कज्जा आहे. अध्यायाची भाषाच कोर्टातली आहे. देवाने उलटतपासणी घेतली, तर हजारांतल्या एका प्रश्नालाही माणसाला उत्तर देता येणार नाही. त्याच्यावर समन्स कोण बजावणार? आणि जो आरोपी असायला हवा, तोच न्यायाधीश असेल तर दयेची भीक मागण्यापलीकडे उरते काय?

याच फिर्यादीच्या मधोमध एक भव्य स्तुती येते. देव डोंगर हलवतो, पृथ्वीचे खांब थरथरवतो, सूर्याला उगवू नकोस म्हणून बजावतो. सप्तर्षी, मृगशीर्ष आणि कृत्तिका त्यानेच घडवल्या. एरवी हे स्तोत्र म्हणून गायले गेले असते. इथे मात्र स्तुतीची प्रत्येक ओळ ईयोबाची बाजू अधिकच लंगडी करत जाते. देव जितका थोर, तितकी दाद मागण्याची जागा दूर. तो माझ्या जवळून जातो आणि मला दिसतही नाही, या खंतीपाशी ही स्तुती येऊन ठेपते.

पुढे आयुष्याच्या वेगासाठी तीन प्रतिमा येतात: धावणारा जासूद, लव्हाळ्यांच्या होड्या, भक्ष्यावर झेपावणारा गरुड. जमीन, पाणी, आकाश. पळून जाणाऱ्या दिवसांना कुठेच अडसर नाही. त्यानंतरचे चित्र अंगावर काटा आणते. बर्फाच्या पाण्याने अंग धुतले, हात खाराने स्वच्छ केले, तरी तू मला खड्ड्यातल्या घाणीत बुचकळशील आणि माझे कपडेच माझी किळस करतील! निर्दोष असूनही कलंक पुसता न येण्याची वेदना यापेक्षा उघडीवाघडी कशी मांडणार?

या ठिकाणी एक बदल सहज नजरेतून निसटतो. या अध्यायात आतापर्यंत देवाविषयी ‘तो’ म्हणून बोलणारा ईयोब इथे एकाएकी ‘तू’ म्हणतो. पुन्हा ‘तो’वर येऊन, आम्हा दोघांवर हात ठेवील असा मध्यस्थ नाही, अशी हळहळ तो व्यक्त करतो. ख्रिस्ती वाचकांना पुढे या रिकाम्या जागी येशू दिसला. ईयोबाजवळ मात्र कुणी नाही. तरीही दहाव्या अध्यायात तो सरळ देवालाच उद्देशून बोलू लागतो. वकील नसलेल्या वादीने स्वतःच उभे राहावे, तसे. आमच्या संतांनीही विठोबाशी भांडण मांडले, पण ते घरातले भांडण होते. ईयोबाला तो आपलेपणा आधाराला नाही. म्हणून त्याचे ‘तू’ म्हणणे फार धाडसाचे आहे.

अडतिसाव्या अध्यायात देव उत्तर देतो, तेव्हा नवव्यातली सगळी भीती खरी होते. वादळाने तो मला चिरडील, असे ईयोब म्हणाला होता. देव वादळातूनच बोलतो. प्रश्नांची सरबत्ती होते. कृत्तिका आणि मृगशीर्ष पुन्हा येतात, या वेळी देवाच्या तोंडून. ईयोब तोंडावर हात ठेवतो. त्याच्या दुःखाचे कारण त्याला सांगितले जात नाही, पण न दिसणारा देव आता डोळ्यांनी पाहिल्याचे तो म्हणतो. नवव्या अध्यायातली नम्रता ताकदीपुढची होती, ही भेटीतून आलेली आहे.

अखेर देव रागावतो तो मित्रांवर. माझ्याविषयी योग्य ते ईयोब बोलला, तुम्ही नाही, असा निवाडा तो देतो. देवाची बाजू घेणाऱ्या त्या तिघांनी देवाशी एक शब्दही बोलायचे कष्ट घेतले नव्हते. ईयोब कडवट बोलला, चुकलाही असेल, पण जे बोलायचे ते देवाच्या तोंडावर बोलला. आपले क्षुद्रपण पुरते ओळखूनही स्वतःवर खोटा आळ घ्यायला त्याने नकार दिला. खोटी कबुली देऊन मिळवलेली नम्रता देवालाही नको असते, हे सांगणारा हा ग्रंथ म्हणूनच दुखावलेल्या प्रत्येक श्रद्धावंताच्या हाती असायला हवा.