कुलाब्याहून कुलाब्याला

नानाभॉय आर्देशर फ्रामजी मूस यांचा १९१० साली निघालेला दोन भागांचा ग्रंथ म्हणजे पानोपानी आकडे. मुंबईच्या ज्या कुलाबा वेधशाळेचे ते संचालक होते, तिथे १८४६ ते १९०५ या साठ वर्षांत घेतलेल्या चुंबकीय वेधांची ती जमाखर्चाची वही आहे. तरीही तो मला गोष्टीसारखा वाचावासा वाटतो, कारण त्यातल्या आकड्यांमागे एक माणूस सतत विचार करताना दिसतो.

वेध घ्यायची जुनी रीत आधी डोळ्यांसमोर आणावी. अंधाऱ्या खोलीत दोऱ्याला टांगलेली पोलादी चुंबकपट्टी, तिच्यावर आरसा आणि थोड्या अंतरावर दुर्बीण नि मोजपट्टी. पट्टी केसभर हलली की आरशातला आकडा सरकतो. दर तासाला कुणीतरी दुर्बिणीला डोळा लावून तो टिपून घ्यायचा. १८५९च्या सप्टेंबरात सूर्यावरच्या मोठ्या उद्रेकानंतर हा आकडा घसरू लागला, तेव्हा वेध घेणाऱ्यांनी तासाची वाट पाहिली नाही. दर पाच-पंधरा मिनिटांनी नोंदी केल्या. क्षितिजसमांतर चुंबकीय बल तेव्हा सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली आलं, म्हणजे एकूण बलाच्या चार टक्क्यांहून जास्त. २००३ साली गुरबक्ष लाखिना, शोभना ॲलेक्स आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी त्या चुंबकीय वादळाचा नव्याने अभ्यास केला, तो याच नोंदींवर.

मूस यांची खरी झेप ग्रंथाच्या दुसऱ्या भागात आहे. चुंबकबल रोज सूर्याबरोबर थोडं वरखाली होतंच. वादळ येतं ते त्या रोजच्या झोक्यावर स्वार होऊन. दोन्ही वेगळे काढायचे कसे? मूस यांनी वादळांचे तास घड्याळाप्रमाणे न मोजता वादळ सुरू झालं त्या क्षणापासून मोजले. अशी अनेक वादळं एकावर एक ठेवून सरासरी काढली की रोजचा झोका आपोआप पुसला जातो आणि वादळाचा स्वतःचा चेहरा उरतो: आधी छोटी उसळी, मग काही तासांची मोठी घसरण, मग दिवसचे दिवस चाललेली संथ भरपाई. युक्ती इतकी साधी की वाचताना आपल्यालाही सुचली असती असं वाटतं. पण ती त्यांना सुचली! पुढे सिडनी चॅपमन यांनी अनेक वेधशाळांचे आकडे घेऊन हाच धागा लांबवर नेला.

पण मला मूस यांचं सर्वांत मोठं काम वाटतं ते अलिबागच्या किनाऱ्यावर दगडात बांधलेलं. मुंबईत विजेवर चालणारी ट्राम येणार असं ठरलं, आणि रुळांतून वाहणारी वीज कुलाब्याच्या नोंदी नासवणार हे उघड होतं. मूस यांनी साधारण तीस किलोमीटरवरचं अलिबाग निवडलं. तिथली वेधशाळा पोरबंदरी दगडाची, लोखंड टाळून बांधलेली. एक खिळाही चुंबकाला खोटं बोलायला लावतो. उष्णतेनं चुंबकपट्टीचं बळ कमी होतं, म्हणून खोलीचं तापमान दिवसरात्र जवळजवळ एकसारखं राहील अशी रचना केली. आणि १९०४ ते १९०६ या काळात वेध दोन्हीकडे एकाच वेळी घेतले गेले. त्यामुळे दोन जागांतला फरक कळला आणि साठ वर्षांची माळ तुटली नाही. माझ्या लेखी त्या दोन वर्षांचं मोल ग्रंथाच्या कुठल्याही प्रकरणाहून कमी नाही. ट्राम १९०७ साली धावली, तोवर चुंबक खाडीपलीकडे सुखरूप पोचले होते.

गंमत अशी की कुलाबा सोडून हे चुंबक पुन्हा कुलाब्यातच आले. अलिबाग तेव्हा कुलाबा जिल्ह्याचं ठाणं होतं. रायगड हे नाव १९८१ मधलं. समोरच्या समुद्रात उभा किल्लाही कुलाबाच.

अलिबागची वेधशाळा आता भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे आणि संस्थेचं मुख्यालय याच जिल्ह्यात, नवीन पनवेलला आहे. किल्ल्यावर जायला ओहोटीची वाट बघत किनाऱ्यावर थांबाल, तेव्हा मागे वळून त्या दगडी वास्तूकडेही जरूर बघा. १९०४ साली तिथं सुरू झालेले वेध आजही चालू आहेत.