‘पहिला’ कुणातला? सचिनचा यॉर्कशर हंगाम आणि माझ्या सिनॉप्सिसमधलं एक चुकलेलं वाक्य

आमच्या मालवण किनारपट्टीवर भातकापणी उरकली की टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा सुरू होतात. फ्लेक्सवर बक्षिसाच्या रकमेखाली पुष्कळदा दोन शब्द असतात: ‘गाव मर्यादित’. म्हणजे संघातले सगळे खेळाडू त्याच गावचे हवेत. मग टॉसच्या आधी आयोजकांच्या टेबलावर आधार कार्डं निघतात आणि कुणीतरी ओरडतंच, “तो आमच्या गावचो न्हय!” ज्याच्यावरून वाद होतो तो बरेचदा चाकरमान्याचा मुलगा असतो. घर गावात, सातबाऱ्यावर आजोबांचं नाव, पण आधारवर पत्ता भांडुपचा.

संशोधनाच्या ब्लॉगवर हे कशाला, असं तुम्हाला वाटेल. सांगतो. माझा विषय खेळाडूंचं स्थलांतर. सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात मी मोठ्या हौसेने एक वाक्य लिहिलं होतं: ‘१९९२ मध्ये सचिन तेंडुलकर यॉर्कशर कौंटीचा पहिला परदेशी खेळाडू ठरला आणि त्याने या कौंटीचे दरवाजे आशियाई खेळाडूंसाठी उघडले.’ गाईडनी वाक्याच्या पहिल्या अर्ध्या भागाला हात लावला नाही. दुसऱ्या अर्ध्याखाली पेन्सिलने दोनच शब्द लिहिले: ‘कोणासाठी? पुरावा?’

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. सचिनबद्दल पुरावा मागतात! पण त्या दोन शब्दांनी माझं अख्खं प्रकरण बदललं. परदेशात व्यावसायिक म्हणून खेळलेल्या खेळाडूची कारकीर्द आपण कशी वाचतो, आणि त्यात काय वाचायचं राहून जातं, ते या एका हंगामाच्या निमित्ताने पाहू.

आधी गोष्ट नीट ऐकू

इंग्लंडमधल्या कौंटी संघांना १९६८ पासून परदेशी खेळाडू थेट करारबद्ध करता येऊ लागले. इतर कौंट्यांनी ही संधी लगेच घेतली. त्याच वर्षी फारूख इंजिनियर लँकशरकडे गेले आणि १९७६ पर्यंत तिथे खेळले. सुनील गावसकर १९८० मध्ये एक हंगाम सॉमरसेटसाठी खेळले. यॉर्कशर मात्र अडून बसलं. आमच्या संघात यॉर्कशरमध्ये जन्मलेलाच खेळेल, असा क्लबचा दंडक होता. सरळ आपल्या भाषेत सांगायचं तर यॉर्कशर ‘गाव मर्यादित’ खेळत होतं. हा इंग्लिश क्रिकेटचा नियम नव्हता, क्लबने स्वतःवर घालून घेतलेलं बंधन होतं.

त्याची किंमतही पडली. १९६८ मध्ये कौंटी चॅम्पियनशिप जिंकलेल्या यॉर्कशरला पुढचं विजेतेपद मिळायला २००१ साल उजाडलं. या दुष्काळाच्या मधोमध, १९९२ च्या हंगामासाठी, क्लबने दंडक सैल केला आणि १९ वर्षांचा सचिन हेडिंग्लीच्या मैदानावर उतरला.

वर्तमानपत्री लेखांत आणि वाढदिवसाच्या पुरवण्यांत गोष्ट साधारण इथेच संपते. गोष्ट खोटी नाही. पण संशोधक म्हणून आपलं काम इथून सुरू होतं.

आकडा काय सांगतो?

त्या हंगामात सचिनने यॉर्कशरसाठी १६ प्रथम श्रेणी सामन्यांत १०७० धावा केल्या, सरासरी ४६.५२, शतक एक. सरासरी म्हणजे धावा भागिले बाद होण्याची संख्या. आता वही घ्या आणि भागाकार करा. उत्तर येतं २३. म्हणजे हा सगळा निवाडा २३ वेळा बाद होण्यावर उभा आहे.

याच आकड्यावर दोन टोकाची मतं ऐकू येतात. ‘एकोणिसाव्या वर्षी, परक्या हवामानात हजार धावा!’ हे एक. ‘सचिन असून एकच शतक?’ हे दुसरं. दोघंही तोच तक्ता पाहतात. फरक आहे तुलनेत. पहिला माणूस त्याची तुलना एकोणीस वर्षांच्या कुठल्याही मुलाशी करतो. दुसरा करतो ती खुद्द सचिनशी, ज्याने १९९० मध्ये ओल्ड ट्रॅफर्डला नाबाद ११९ आणि १९९२ च्या सुरुवातीला सिडनीत नाबाद १४८ व पर्थला ११४ केल्या होत्या. दोघांपैकी कुणीही आपण तुलना कशाशी करतोय ते उघड सांगत नाही. तुमच्या प्रबंधात ‘यशस्वी’ किंवा ‘अपयशी’ हा शब्द आला की तिथे थांबा आणि विचारा, कुणाच्या तुलनेत? ते लिहिलं नसेल तर तो निष्कर्ष नाही, नुसतं मत आहे.

फोटो काय सांगतो?

या हंगामाचा एक फोटो फार गाजलेला आहे. सचिनच्या डोक्यावर यॉर्कशरच्या माणसाची ओळख मानली जाणारी चपटी टोपी, हातात बिअरचा मोठा ग्लास, चेहऱ्यावर लाजरं हसू. आपण तो फोटो कौतुकाने शेअर करतो. मीही केलाय.

आता तोच फोटो पुरावा म्हणून वाचा. हा क्षण आपोआप घडलेला नाही. छायाचित्रकारांसमोर मांडलेला आहे. टोपी आणि ग्लास कुणाची खूण आहे? यजमानांची. ‘हा आता आमचा झाला’ हे सांगण्यासाठी पाहुण्याला यजमानांच्या कपड्यांत उभं केलंय. मुंबईहून आलेल्या मुलाने सोबत काय आणलं, ते या चौकटीत कुठेच नाही. क्लबने सचिनला स्वीकारलं असं हा फोटो म्हणतो खरं. पण कुठल्या अटीवर स्वीकारलं, तेही त्याच फोटोत दिसतं. सचिनला दोष द्यायचा प्रश्नच नाही. एकोणीस वर्षांच्या मुलाला सांगितलं, इथे उभा राहा, तो राहिला. माझा आक्षेप आहे आपल्या वाचनावर. आपण जाहिरात पाहिली आणि तिला इतिहास समजलो.

आता तो शब्द: ‘पहिला’

दार सचिनने उघडलं, असं मी लिहिलं होतं. पण घटनांचा क्रम लावून पाहिला तेव्हा माझं वाक्य पायातूनच हललं. यॉर्कशरने आधी निवडला होता ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज क्रेग मॅकडरमॉट. तो दुखापतीमुळे येऊ शकला नाही, म्हणून सचिनला विचारणा झाली. म्हणजे दंडक बदलला तेव्हा समोर मुंबईचा मुलगा नव्हता. दार उघडलं होतं आधीच, दुसऱ्या कुणासाठी.

आणि नंतर कोण आलं? १९९३ व १९९४ मध्ये वेस्ट इंडीजचा रिची रिचर्डसन, मग ऑस्ट्रेलियाचे मायकेल बेव्हन आणि डॅरेन लीमन. पुढचा भारतीय, युवराज सिंग, आला थेट २००३ मध्ये. म्हणजे दार उघडलं ते ‘नावाजलेला परदेशी व्यावसायिक’ या जागेसाठी. त्या जागेवर कधी भारतीय बसला, बहुतेकदा दुसरा कुणी.

दारही तसं पूर्वी सगळ्यांना सारखं बंद नव्हतं. यॉर्कशरचा १८८३ ते १९१० असा दीर्घकाळ कर्णधार राहिलेला लॉर्ड हॉक जन्मला लिंकनशरमध्ये. त्याला कुणी परत पाठवलं नाही. उलट सेसिल पार्किन हा गोलंदाज १९०६ मध्ये एक सामना खेळला आणि मग लक्षात आलं की त्याचं जन्मगाव हद्दीच्या जरासं पलीकडे, डरहॅममध्ये आहे. संपलं. पुढे तो लँकशरकडून खेळला आणि इंग्लंडसाठीही. एकच दंडक, पण लॉर्डला माफ आणि पोटासाठी खेळणाऱ्याला लागू. आमच्या स्पर्धांतही सरपंचाच्या भाच्याचं आधार कार्ड कुणी फार निरखून बघत नाही, ते आठवलं.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, जो माझ्या पहिल्या मसुद्यात औषधालाही नव्हता. सचिन त्या उन्हाळ्यात राहत होता ड्यूजबरीत. त्याचा करार जुळवून आणण्यात आणि त्याचं बस्तान बसवण्यात सोली अ‍ॅडम यांचा मोठा हात होता. मूळचे गुजरातचे सोलीभाई त्या भागातल्या लीग क्रिकेटमध्ये मुरलेले. विनोद कांबळी आणि जतिन परांजपेही त्याच उन्हाळ्यात ब्रॅडफर्ड भागातल्या लीगमध्ये खेळत होते. म्हणजे यॉर्कशरमध्ये भारत-पाकिस्तानातून आलेल्या कुटुंबांचं जिवंत क्रिकेट होतं. गिरण्यांत कामाला आलेल्यांची मुलं तिथेच जन्मली होती. दंडकाच्या भाषेत ती शंभर टक्के ‘गावची’ होती. आधार कार्डही त्याच गावचं.

मग ती मुलं पहिल्या संघात कधी दिसली? २००४ मध्ये. त्या वर्षी हडर्सफील्डचा अजमल शहजाद आणि ड्यूजबरीचा इस्माईल दाऊद यॉर्कशरकडून खेळले. दाऊद त्याआधीच तीन दुसऱ्या कौंट्यांकडून खेळून आला होता. १९९२ आणि २००४. ज्या ड्यूजबरीत सचिन एक उन्हाळा राहिला, त्या ड्यूजबरीत जन्मलेल्याला आपल्याच कौंटीच्या संघात यायला आणखी बारा वर्षं लागली.

पुढे २०२० मध्ये अझीम रफीकने क्लबमधल्या वांशिक छळाबद्दल जाहीरपणे बोलायला सुरुवात केली. क्लबच्या चौकशीत त्याच्या ४३ आरोपांपैकी ७ ग्राह्य धरले गेले, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याने ब्रिटिश संसदेच्या समितीसमोर साक्ष दिली. चेतेश्वर पुजारा या क्लबकडून खेळायचा तेव्हा नाव उच्चारता येत नाही म्हणून त्याला ‘स्टीव्ह’ म्हटलं जायचं, हेही तेव्हा बाहेर आलं. आता चपटी टोपी आणि ग्लासचा फोटो पुन्हा डोळ्यांपुढे आणा.

उलट्या बाजूलाही घसरू नका

इथे तुमच्यासारख्यांना, आणि मलाही, एक मोह होतो. पहिलं वाक्य खोडायचं आणि त्याच जोरात उलटं लिहायचं: ‘सचिनच्या येण्याने काहीच बदललं नाही.’ हेही सिद्ध झालेलं नाही. ड्यूजबरीतल्या एखाद्या दहा वर्षांच्या पोराने हेडिंग्लीच्या कठड्याला टेकून सचिनला पाहिलं आणि बॅट हातात घेतली, असं झालं असेल. पण ते धावांच्या तक्त्यात सापडणार नाही. त्यासाठी लीगची जुनी स्कोअरबुकं, स्थानिक वर्तमानपत्रं आणि आज पन्नाशीकडे झुकलेल्या त्या पोरांच्या मुलाखती लागतील. बारा वर्षांचं अंतर ही वस्तुस्थिती आहे. त्याचं कारण काय, हा संशोधनाचा प्रश्न आहे. दोन्ही एकाच वाक्यात कोंबले की प्रबंध लंगडा होतो.

असाच घोळ घरच्या अंगणातही होतो. तेंडोली आमच्या कुडाळ तालुक्यात. तेंडोलीवरून तेंडुलकर, म्हणून ‘सचिन आमचोच’ असं इथे छाती फुगवून म्हणतात. मलाही ऐकायला आवडतं. पण आडनाव गावाचं नाव सांगतं, एका विशिष्ट कुटुंबाचा प्रवास सांगत नाही. तो सिद्ध करायला वेगळी कागदपत्रं लागतात. गंमत पाहा, भांडुपच्या पोराला ‘आमच्या गावचो न्हय’ म्हणणारा माणूस सचिनला मात्र आडनावावरून संघात घेतो. यॉर्कशरने लॉर्ड हॉकच्या बाबतीत वेगळं काय केलं?

शेवटी वाक्य कसं झालं

माझं सुधारलेलं वाक्य असं आहे: ‘१९९२ मध्ये यॉर्कशरने परदेशी व्यावसायिकासाठी एक जागा खुली केली. मॅकडरमॉटच्या दुखापतीमुळे ती सचिन तेंडुलकरला मिळाली. कौंटीतच जन्मलेल्या आशियाई वंशाच्या खेळाडूंना पहिल्या संघात येण्यासाठी २००४ पर्यंत थांबावं लागलं. या अंतराचा शोध घेणे हा प्रस्तुत अभ्यासाचा हेतू आहे.’ आधीच्या वाक्याइतकं ते टाळ्या घेणारं नाही. पण त्यातून एक प्रश्न निघतो, आणि पीएच.डी. प्रश्नावर होते.

तुमचा सिनॉप्सिस कुठलाही असो, पहिली महिला सरपंच, पहिली सहकारी संस्था, पहिला मराठी कुणी, आज रात्री त्यातला ‘पहिला’ शब्द शोधा आणि शेजारी पेन्सिलने तीन गोष्टी लिहा. पहिला कुणातला? त्याच्या आधी दार नेमकं कुणासाठी उघडलं होतं? आणि त्याच दाराबाहेर, त्याच गावात, कोण उभं राहिलं?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही तर घाबरू नका. बहुतेक वेळा तुमचं पुढचं प्रकरण तिथेच असतं.