त्र्यं.चा त
चिं. त्र्यं. खानोलकर. मराठीत नावाचा संक्षेप करताना वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षर सारे आद्याक्षरासोबत राहते. निओविम या मजकूर लिहिण्याच्या प्रणालीची बरीच प्लगिन्स लुआ या भाषेत लिहिलेली असतात. फाइलचा लांबलचक मार्ग आखूड दाखवताना ती फोल्डरच्या नावातले पहिले अक्षर कापून घेऊ पाहतात. पण लुआचे नेहमीचे कापण्याचे फंक्शन अक्षर नव्हे, बाइट मोजते. यूटीएफ-८मध्ये देवनागरी वर्णाला ३ बाइट लागतात आणि मराठीच्या प्रत्येक वर्णाचा पहिला बाइट एकच, २२४! ‘कविता’ काय, ‘नाटक’ काय, पडद्यावर तीच निरर्थक खूण. बाइटऐवजी वर्णाचा संकेतांक मोजणारी प्लगिन्स त्यातल्या त्यात बरी, पण त्यांच्याकडे ‘त्र्यंबक’चा नुसता ‘त’ उरतो. ‘त्र्यं’मध्ये संकेतांक ६, बाइट १८. असे जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत, २०२३मध्ये आला. माझ्या संगणकावर मात्र ‘ज्ञानेश्वरी’ आणि ‘जनाबाई’ ही दोन्ही फोल्डर अजून ‘ज’च.