कडू घास आणि 'स्मृतिचित्रे'

वडील गेले त्या दिवशी उमरग्याजवळच्या आमच्या गावात घरची चूल पेटली नाही. शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी आणली. कडू घास. एक डबा मात्र उंबऱ्याबाहेरच राहिला. तो कुठल्या गल्लीतून आलाय, हे सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्या दिवशी त्यातली भाकरी गुरांना घातली. मी कोड लिहिणारा, शिकलेला माणूस. मीही काही बोललो नाही.

पुण्याला परतल्यावर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुन्हा काढली. १९३०च्या दशकात चार भागांत आलेलं हे आत्मचरित्र आपण बहुतेक जण विनोदासाठी वाचतो. टिळकांचा विक्षिप्तपणा, वडिलांचं कडक सोवळं, बाईंची खट्याळ जीभ. या वेळी मी वेगळंच शोधत होतो: इतक्या दुःखात या बाईला ख्रिस्त कसा ओळखू आला?

१८९५ साली नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. नवरा जिवंत, तरी हातचा गेलेला. पदरी लहानगा दत्तू. पुढची काही वर्षं ताटातुटीची. १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. मधल्या काळात एखादा दृष्टांत, एखादा तेजस्वी क्षण असेल असं आपल्याला वाटतं. लक्ष्मीबाई बोलतात ते पाण्याबद्दल, शिवाशिवीबद्दल, कुणाच्या हातचं खायचं याबद्दल. आधी त्यांच्या मनातून जात गेली, बाप्तिस्मा नंतर आला. आणि हे सगळं साक्ष देण्याचा सूर न लावता, घरातलं भांडण सांगावं तसं.

काही वाचकांना इथे अध्यात्म कमी पडल्यासारखं वाटेल. मला तसं वाटत नाही. लूकच्या शुभवर्तमानातल्या २४व्या अध्यायात अम्माऊसच्या वाटेवर दोन खचलेले शिष्य चालतात. येशू त्यांच्या सोबत असतो, धर्मशास्त्र उलगडून सांगतो, तरी ओळख पटत नाही. ती पटते भाकरी मोडताना. लक्ष्मीबाईंच्या वाटेतला अडसर नेमका भाकरीचाच होता. म्हणून सोवळ्याची ती पानं श्रद्धेच्या गोष्टीआधीची प्रस्तावना नाहीत. तीच श्रद्धेची गोष्ट आहे.

मी ख्रिस्ती नाही, होईन असंही नाही. पण दुःखात देव कुठे होता, हा प्रश्न विचारताना तो उंबऱ्याबाहेरचा डबा आता आठवतो. डबा अजून आमच्या फडताळात आहे. परत द्यायला जायचंय. जेवायच्या वेळी.