नियमावलीला समास दिसतो, वाचक दिसत नाही

प्रबंध लिहायला घेतला की सगळ्यात आधी हातात पडते ती मांडणीची नियमावली. मला मिळालेली चार पानी नियमावली मी अगदी मनापासून पाळली. डावीकडे दीड इंच समास, 12 पॉइंटचा टाइप, दीडपट ओळअंतर, शीर्षकं ठळक. पहिलं प्रकरण छापील पुस्तकासारखं दिसत होतं.

ते मी एका दृष्टिहीन संशोधक मित्राला वाचायला दिलं. तो एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर वापरतो. पडद्यावरचा मजकूर हे सॉफ्टवेअर बोलून दाखवतं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, "अगं, यात एकही शीर्षक नाही. साठ पानं सलग ऐकू का?"

शीर्षकं होती की! पण ती फक्त डोळ्यांना दिसणारी. मी अक्षरं मोठी आणि ठळक केली होती. वर्डच्या लेखी तो साधा मजकूरच होता. 'हेडिंग 1', 'हेडिंग 2' या स्टाइल लावल्या असत्या, तर ब्राउझ मोडमध्ये एच ही कळ दाबत तो शीर्षकाशीर्षकावर गेला असता. तुम्ही-आम्ही पानं चाळतो ना, तसंच.

चूक माझीच. पण नियमावलीबद्दलही बोलायला हवं. ती बांधून कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी लिहिलेली आहे. प्रबंध आता शोधगंगेवरून फाइल म्हणून वाचले जातात. तरी चार पानांत सगळं 'कसं दिसावं' एवढंच. कोणता मजकूर शीर्षक आहे, तक्त्याची शीर्षओळ कोणती, हे फाइलला सांगा, असं एकही वाक्य नाही.

आकृत्यांचंच बघा. 'प्रत्येक आकृतीखाली नाव द्या' हा नियम आहे. मी लिहिलं, 'तापमान आणि विद्राव्यता'. यातून आलेख कशाचा आहे ते कळतं, तो काय सांगतो ते कळत नाही. आल्ट टेक्स्टमध्ये 'तापमानाबरोबर विद्राव्यता वाढते, 40 अंशांनंतर वाढ मंदावते' असं लिहिलं की ऐकणाऱ्यापर्यंत मुद्दा पोचतो. माझ्या लाल आणि हिरव्या रेषाही काहींना सारख्याच दिसल्या असत्या. एक तुटक केली, प्रश्न मिटला.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक खड्डा आहे. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये 'भारत' टाइप केलं, तर फाइलमध्ये 'एच, के, के, जे, आर' अशी रोमन अक्षरं साठतात. स्क्रीन रीडर तीच वाचणार. त्यामुळे मराठी युनिकोडमध्येच लिहा. 'अमुक फॉन्ट वापरा' असं सांगणारी नियमावली हा फरक सांगत नसेल, तर ती अपुरीच आहे.

वर्डच्या 'रिव्ह्यू' टॅबमधला ॲक्सेसिबिलिटी चेकर उपयोगी आहे, पण त्याच्यावर सगळं सोडू नका. आल्ट टेक्स्ट आहे की नाही हे तो सांगतो. तिथे नुसतं 'चित्र' लिहिलेलं असेल तर तुमचा वाचक कोराच राहतो. आणि शेवटी पीडीएफ 'प्रिंट' करून बनवू नका, 'सेव्ह ॲज'ने बनवा; प्रिंटच्या वाटेने आतली रचना गळून पडते.

"असे वाचक असतात तरी किती?" असं तुम्हाला कुणीतरी विचारेलच. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये आला, त्याचं कलम 42 माहिती सर्वांना मिळण्याबद्दलच आहे. पण मी कायद्याआधी माझा अनुभव सांगते.

एक संध्याकाळ खर्चून मी स्टाइल लावल्या, तक्त्यांच्या शीर्षओळी ठरवल्या, आकृत्यांची वर्णनं लिहिली. अनुक्रमणिका आपोआप तयार झाली, हा वरचा फायदा. मित्राने प्रकरण परत वाचलं आणि विचारलं, "3.4 मधला निष्कर्ष तक्त्यातल्या आकड्यांशी जुळत नाहीये, बरोबर ना?" बरोबर होतं. त्याच्याआधी तिघांनी ते प्रकरण वाचलं होतं, त्यांच्या नजरेतून ते सुटलं होतं.

आज तुमची फाइल उघडा, 'व्ह्यू'मध्ये जाऊन नेव्हिगेशन पेन सुरू करा. तिथे तुमची शीर्षकं दिसत नसतील, तर माझ्या मित्रालाही ती सापडणार नाहीत. पहिल्याच प्रकरणात दुरुस्त करा. पाचव्यात पोचल्यावर फार जड जातं.